टीवायचे शेवटचे सहा आठवडे: पेपर, कागद आणि खोलीची किल्ली

दरवर्षी मार्च संपत आला की मी टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाचा एक तास रसायनशास्त्राला देत नाही, कागदपत्रांना देते. धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवते. मूळची चोपडा तालुक्यातल्या खेड्यातली, जळगावला खोली करून बीएस्सी झाले. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. कोणता कागद कुठून आणायचा, कधी आणायचा, हे सांगणारं कोणी नव्हतं. जे शिकले ते हेलपाटे घालून शिकले. वर्गात सांगितलेलं निम्मं विसरलं जातं आणि जूनमध्ये मुलांचे घाबरे फोन येतात, म्हणून यंदा सगळं लिहून काढलं आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. आज तुमचं आयकार्ड चालू आहे, खोलीपासून कॉलेज पायी अंतरावर आहे, ऑफिसातले भाऊसाहेब तुम्हाला चेहऱ्याने ओळखतात. आज दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला गावी गेल्यावर अख्खा दिवस लागतो. धडगावकडची मुलगी एका सहीसाठी जळगावला निघते तेव्हा पहाटेची एसटी धरून आधी नंदुरबार गाठते, तिथून ताप्ती लाइनची गाडी पकडते, उन्हात कॉलेजच्या खिडकीवर पोचते आणि तिला कळतं, की सर आज पेपर तपासायला गेलेत. तेव्हा पेपर सुरू व्हायच्या आधी जेवढं उरकता येईल तेवढं उरकून टाका.

सुरुवात फाइलपासून, आणि नावापासून

बाजारातून चेनची, पाणी न शिरणारी एक फाइल आणा. तिच्यात मूळ कागद ठेवा: दहावी-बारावीची मार्कशीट आणि प्रमाणपत्रं, पहिल्या पाच सेमिस्टरच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता असेल तर ती, रहिवास दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक. मूळ कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही, आणि पडताळणीला कागद हातात घेऊन बघणारे त्यावर हरकत घेतात. प्रत्येकाचं रंगीत स्कॅन करून स्वतःच्या मेलमध्ये ठेवा. झेरॉक्सचे चार संच करून त्यांची वेगळी पिशवी करा. मूळ फाइल ऑफिसच्या टेबलावर पसरायची वेळच येऊ नये.

आता फाइल उघडून एकच गोष्ट तपासा, तुमचं नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच्या तसं आधारवर, बँकेत आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आहे का? आडनाव आधी की नंतर, वडिलांच्या नावाला 'भाऊ' किंवा 'राव' लागलंय का, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ए जास्त आहे का, आईचं नाव बरोबर आहे का? आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलं आणि आधार काढताना ऑपरेटरने ऐकलं तसं टाइप केलं, असं सर्रास झालेलं आहे. दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईत अर्धवट दुरुस्ती करू नका. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच द्या. पदवी प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच चूक सुधारायला कितीतरी जास्त वेळ आणि पैसा जातो.

फाइलसोबत एक साधी वही ठेवा. पहिल्या पानावर पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), एबीसी आयडी (तुमचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक), आधारला जोडलेला मोबाइल नंबर, महाडीबीटीचं, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं युजरनेम. पुढच्या पानांवर ज्या ज्या खिडकीवर गेलात तिथली तारीख, कोणाला अर्ज दिला, आवक क्रमांक काय मिळाला. कोणताही अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची सवय लावून घ्या. मागताना संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. मागा.

मेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच हवा

याच्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझं यातच नुकसान झालं. एमएस्सीच्या प्रवेशाचा अर्ज मी स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत भरला. भरणाऱ्या दादाने मेलच्या रकान्यात कॅफेचाच मेल टाकला आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिल्या फेरीत माझं नाव लागलं, कळवणारा मेल त्या कॅफेत येऊन पडला. मी गावी होते, घरी कापसाची लागवड चालली होती. मला कळलं तेव्हा मुदत उलटून दोन दिवस झाले होते. पुढच्या फेरीत जागा मिळाली, पण पुण्याच्या ज्या विभागात जायचं होतं तिथली नाही.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. स्वतःच्या नावाचा साधा मेल आयडी काढा, त्याचा पासवर्ड वहीत लिहा. विद्यापीठाचं लॉगिन, महाडीबीटी, सीईटी, डिजिलॉकर, सगळीकडे आत जाऊन कोणाचा नंबर आणि कोणाचा मेल आहे ते बघा. कॅफेचा, मित्राचा किंवा चुलत्याचा असेल तर बदला. आणि सिम बंद पडू देऊ नका. सुट्टीत गावी गेल्यावर रिचार्ज राहतो, काही महिन्यांनी नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि तुमचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जायला लागतात. किमान एक वर्ष तोच नंबर चालू ठेवा.

डिजिलॉकरमध्ये तुमच्या एबीसी आयडीखाली सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट दिसतात का तेही पाहा. डिजिलॉकरमधून थेट आलेला कागद कायद्याने मुळाइतकाच ग्राह्य आहे. तुम्ही स्वतः फोटो काढून तिथे चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नाही. हा फरक ऐन मुलाखतीच्या दारात कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

कॉलेजच्या खिडक्या

बोनाफाईड तीन-चार प्रती आत्ताच घ्या. तुम्ही विद्यार्थी आहात तोवरच तो मिळतो. शेवटच्या वर्षाला बसलेला उमेदवार म्हणून अर्ज करताना लागतो, शिष्यवृत्तीला लागतो, एसटीच्या पासलाही लागतो.

नो ड्यूजचा, म्हणजे कॉलेजचं काही देणं बाकी नाही असा कागद पेपरांच्या आधी फिरवा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, एनएसएस, वसतिगृह, अकाउंट, अशा सह्या लागतात. ग्रंथालयाचं पुस्तक हरवलं असेल तर तेच पुस्तक विकत घेऊन देता येईल का, हे आधी ग्रंथपालांना विचारा. दंडापेक्षा ते बऱ्याचदा स्वस्त पडतं. प्रयोगशाळेतल्या मामांकडे फुटलेल्या ब्युरेटची नोंद असते. ती लपवू नका, भरून टाका. अभ्यासाची पुस्तकं परीक्षेपर्यंत लागणार असतील तर तेवढी एक सही मागे ठेवा, बाकीच्या घेऊन टाका. प्रवेशाच्या वेळी भरलेलं डिपॉझिट परत मिळतं. पहिल्या वर्षाची फीची पावती शोधा, तिच्यावर आकडा असतो, आणि बँकेचा तपशील लावून लेखी अर्ज द्या. बहुतेक मुलं हे पैसे मागायलाच जात नाहीत.

शिष्यवृत्तीचं जरा बारकाईने बघा. महाडीबीटीवर अर्ज कोणाच्या टेबलावर थांबलाय ते दिसतं. कॉलेजकडे थांबला असेल तर आजच जाऊन सांगा. हप्ता आला नसेल तर बहुतेक वेळा खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा आईच्या सांगण्यावरून दुसऱ्या बँकेत नवं खातं काढलेलं असतं आणि आधार तिकडे वळलेला असतो. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे' असं विचारा. स्वाधार किंवा स्वयं योजनेतले (वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या सरकारी योजनांतले) विद्यार्थी असाल, तर शेवटच्या हप्त्यासाठी कॉलेजचं उपस्थिती प्रमाणपत्र लागतं. ते वर्ग चालू असतानाच सहज मिळतं.

फीचा एक भाग शिष्यवृत्तीत अडकलाय म्हणून मूळ मार्कशीट द्यायला कोणी नकार दिला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना लक्षात ठेवा. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. भांडायला जाऊ नका. अर्ज लिहा, अधिसूचनेचा उल्लेख करा, पोच घ्या. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिच्याकडे तोच अर्ज देता येतो. लेखी अर्जाने काम हलतं, हा माझा अनुभव आहे.

तहसीलचे दाखले: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत

नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. ती यंदा संपत असेल तर पुढच्या प्रवेशाला नवा दाखला लागणार हे नक्की असतं, तरी सगळे जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रावर उभे राहतात. तेव्हा तिथे दहावी-बारावीची गर्दी असते, पीक कर्जासाठी सातबारा काढणारे शेतकरी असतात, सर्व्हर बसलेला असतो. एप्रिलचा पहिला आठवडा उजाडला की घरच्यांना कागद घेऊन पाठवा. आधी तलाठ्याकडचा उत्पन्नाचा अहवाल (पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात), मग उत्पन्नाचा दाखला, मग नॉन-क्रीमीलेअर, असा तो क्रम असतो. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. सेतूवर कोणी पाचशेचा स्टॅम्प मागितला तर नम्रपणे विचारा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार प्रत्येक दाखल्याला ठरलेली मुदत आहे. पावतीवरची तारीख बघत राहा.

जात वैधता नसेल, आणि पुढे आरक्षणातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल, तर हे काम सगळ्यात आधी हाती घ्या. याला महिने लागतात. वडील, काका किंवा सख्ख्या चुलत भावाची वैधता असेल तर वाट सोपी. नसेल तर जुने पुरावे शोधावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचे. घरात ट्रंकेत बहुधा काही सापडत नाही. सापडतं ते गावच्या जिल्हा परिषद शाळेत. आजोबा किंवा पणजोबा पहिलीत गेले असतील, तर दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नाव, जात आणि जन्मतारीख असते. त्या उताऱ्यावर मुख्याध्यापकांची सही लागते. आणि शाळांना मेमध्ये सुट्टी लागते! जूनच्या मध्यापर्यंत मग ते कपाट कोणी उघडत नाही. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावांची नावं शोधा. तहसील कार्यालयातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतही नोंदी मिळतात. आदिवासी मुलांची पडताळणी समिती वेगळी असते, अर्ज करताना ते तपासा.

पेपरांचे दिवस

अभ्यास कसा करायचा हे तुमच्या विषयाच्या शिक्षकांना विचारा. मी फक्त खानदेशातल्या एप्रिल-मेबद्दल बोलते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बारा ते पाच डोकं चालत नाही. त्या वेळात जबरदस्तीने पुस्तक धरून बसण्यापेक्षा झोपा, नाहीतर अभ्यासिकेत जा. अभ्यासाचे खरे तास पहाटे चार ते आठ. आम्ही चौघी गच्चीवर सतरंजी टाकून बसायचो, सूर्य वर यायच्या आत एक युनिट व्हायचं. पेपर दुपारच्या सत्रात असेल तर कांदा, टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. उपाशी जाऊ नका. मेसची तिखट शेवभाजी पेपरच्या आदल्या रात्री नको, साधी खिचडी किंवा कळण्याची भाकरी-ताक खा.

आखाजी नेमकी याच दिवसांत येते. घरून फोन येतो, "आखाजीले येशी ना?" बहिणी माहेरी आलेल्या असतात, अंगणात झोका बांधलेला असतो, घागर भरायची असते, खापरावर मांडे आणि आमरस होणार असतो. मन ओढलं जातं. हॉल तिकीट हातात आल्या आल्या तारखा कॅलेंडरवर मांडा. दोन पेपरांत तीन दिवसांहून कमी अंतर असेल तर जाऊ नका. मी एका वर्षी गेले, परतीच्या एसटीत लग्नाच्या गर्दीमुळे चढताच आलं नाही, रात्री उशिरा जळगावला पोचले आणि पहाटे काहीच वाचून झालं नाही. घरच्यांना आधीच समजावून सांगितलं तर ते समजून घेतात.

केटी, म्हणजे मागच्या सेमिस्टरचा नापास विषय राहिला असेल तर त्याचा फॉर्म वेगळा भरलाय का आणि हॉल तिकिटावर तो विषय आलाय का, हे आजच बघा. सहाव्या सेमिस्टरचे सगळे पेपर सुटले आणि पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला, तर पदवी मिळत नाही. इंटर्नलचे गुण विद्यापीठाकडे गेले का हे विभागप्रमुखांना विचारून घ्या. प्रोजेक्टची एक प्रत स्वतःकडे ठेवा, व्हायव्हाच्या दिवशी सही झालेलं प्रमाणपत्राचं पान स्कॅन करा.

पुढे काय, हे ठरवण्यासाठी तीन संध्याकाळी

पेपरांच्या मध्ये हा विचार करू नका. एप्रिलच्या सुरुवातीला तीन संध्याकाळी काढा.

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. त्यात असाल तर तीन वर्षांची, किमान १२० क्रेडिटची पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. ऑनर्स झाल्यावर पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. माझं मत विचाराल तर, संशोधन किंवा प्राध्यापकीकडे जायचं असेल तर चौथ्या वर्षाचा विचार करा, पण आपल्या कॉलेजात आपल्या विषयाला ते मान्य आहे का आणि मार्गदर्शक शिक्षक आहेत का, हे पाहून. बीएड, एमबीए किंवा स्पर्धा परीक्षेकडे जाणाऱ्याला तीन वर्षांची पदवी पुरते.

बीएड, एलएलबी, एमबीए, एमसीएच्या सीईटी राज्य सीईटी कक्ष घेतो. परीक्षा झाली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. निकालानंतर कॅपची (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी वेगळी करावी लागते, आणि तिथेच बरीच मुलं गळतात. मुलींनो, तुमच्यासाठी एक गोष्ट ठळक सांगते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ नाही. 'पुढे शिकवायला पैसे नाहीत' असं घरी म्हटलं जात असेल, तर हा शासन निर्णय छापून वडिलांच्या हातात द्या.

शेवटच्या वर्षाला बसलेल्यांना एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा अर्ज करता येतो, मात्र मुख्य परीक्षेच्या अर्जापर्यंत पदवीची अर्हता पूर्ण झालेली असावी लागते. स्पर्धा परीक्षा करायची तर करा, पण घरच्यांशी बोलून वर्षं ठरवा आणि आकडा कागदावर लिहा. सोबत काहीतरी कमाईचं किंवा शिक्षणाचं चालू ठेवा.

लगेच कामाला लागायचं असेल तर शिकाऊ उमेदवारीकडे बघा. केंद्राच्या नॅट्स या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर पदवीधरांची नोंदणी होते, दरमहा विद्यावेतन मिळतं. आपल्या भागात भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, भुसावळचा रेल्वे विभाग, जळगावची एमआयडीसी आहे. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी हमखास भेटतो. त्याला कागद देऊ नका, पैसेही नाही.

आणखी एक, जे बोलायला अवघड आहे. टीवायचा शेवटचा पेपर आणि लग्नाची तारीख एकाच महिन्यात असलेल्या मुली माझ्या प्रत्येक वर्गात असतात. लग्न व्हावं की न व्हावं हे मी सांगणार नाही. पण पदवीचे सगळे अर्ज माहेरच्या, म्हणजे दहावीच्या नावाने पूर्ण करा. लग्नानंतर लगेच आधारवर नाव बदलू नका. पदवी प्रमाणपत्र हातात आल्यावर, विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या आधारे बदला. फाइल सासरी स्वतःबरोबर न्या. बँकेचं खातं स्वतःचं चालू ठेवा. माझी एक वर्गमैत्रीण आठ वर्षांनी अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसायला निघाली तेव्हा तिची मूळ मार्कशीट माहेरच्या धाब्याच्या घरात वाळवीने खाल्लेली निघाली.

शिक्षकांना भेटा, सुट्टी लागायच्या आत

पेपर संपले की शिक्षक मूल्यमापनाला जातात, मग सुट्टी लागते. शिफारसपत्र हवं असेल तर दोन शिक्षकांना आत्ता भेटा. रिकाम्या हाताने जाऊ नका. कुठे अर्ज करणार, त्यांच्या विषयात किती गुण, कोणता प्रोजेक्ट केला, हे एका पानावर लिहून द्या. मला स्वतःला असं पान आणून देणाऱ्या मुलांचं पत्र लिहिणं सोपं जातं आणि ते चांगलं होतं. ज्यांनी खरोखर शिकवलं त्यांना एकदा तसं सांगा. प्रयोगशाळेतल्या मामांना, मेसच्या मावशींनाही. निरोप समारंभात फोटोंच्या गडबडीत ते राहून जातं.

निकाल लागल्यावर

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. निकाल लागला की पहिले काही दिवस महत्त्वाचे. गुण कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. ती विषयाच्या शिक्षकांना दाखवा, बेरीज तपासा, तपासायचं राहिलेलं उत्तर आहे का बघा, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या आठवड्यात विद्यापीठाचं संकेतस्थळ रोज बघा.

टीसी निकालाआधी घाईने घेऊ नका. त्यावर 'परीक्षेस बसला' एवढंच येतं आणि पुढे पुन्हा धावपळ होते. पास झाल्यावर घ्या, घेतल्या घेतल्या नाव, जन्मतारीख, जात आणि शेरा खिडकीवरच वाचा, आणि दहा झेरॉक्स करून मगच कुठे जमा करा. दुय्यम टीसी मिळवणं त्रासाचं असतं. नो ड्यूज आधीच झालेला असेल तर टीसीसाठी अधिकारपत्र देऊन भावालाही पाठवता येईल का, हे ऑफिसला विचारून ठेवा.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या विद्यापीठाबाहेर प्रवेश घेणार असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. ते कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. बांभोरीला, म्हणजे जळगावजवळच्या विद्यापीठाच्या आवारात जाण्यापूर्वी अर्ज ऑनलाइन होतो का, शुल्क किती आणि सोबत काय लागतं, हे संकेतस्थळावर वाचा. गिरणेच्या पुलापलीकडच्या त्या आवारात एका इमारतीतून दुसरीत चालत जायला उन्हात वेळ लागतो, म्हणून सकाळी पोचा.

पदवी प्रमाणपत्र येईपर्यंत तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालतं, प्रवेशाला आणि बहुतेक नोकऱ्यांना. पण मूळ पदवीसाठी वेगळा अर्ज भरावा लागतो, हे अनेकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. दीक्षान्त समारंभाची सूचना निघाली की ठरलेल्या मुदतीत भरा, पत्ता गावचा आणि पिनकोडसह नीट लिहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी पात्र ठरणं अपेक्षित असलेल्या तारखेपासून १८० दिवसांत पदवी द्यायला हवी. १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालेल्या आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्यात जन्मलेल्या त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या आईलाही येत नाही. त्या नावाचा कागद घरी आला तेव्हा आईने तो पदराने पुसून देवघरात ठेवला होता. तुमच्याही घरी कोणीतरी त्याची वाट बघतंय, म्हणून तो अर्ज राहू देऊ नका.

खोली सोडताना

मालकांना महिनाभर आधी सांगा, शक्यतो मेसेजवर, म्हणजे तारीख राहते. वीज मीटरचा फोटो काढा, शेवटचं बिल चौघांत वाटून मोकळे व्हा. मेसचे राहिलेले दिवस मोजून पैसे द्या किंवा परत घ्या. खोलीच्या भिंती, नळ, पंखा यांचा फोटो काढून मगच किल्ली द्या, आणि डिपॉझिट त्याच वेळी मागा. 'फोन पे करतो' म्हटलेलं डिपॉझिट नंतर मिळालेलं मी फार कमी पाहिलंय. गॅसची शेगडी, कॉट, कूलर घरी न्यायचा खर्च त्यांच्या किमतीहून जास्त येतो. एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विका, ते जूनपासून शोधतच असतात. पुस्तकं त्यांना द्या, जर्नल मात्र स्वतःकडे ठेवा, एमएस्सीच्या मुलाखतीला कामी येतात.

गावी निघायच्या आदल्या दिवशी वही उघडून प्रत्येक अर्जासमोर पोच आहे का ते बघा. ज्या अर्जाची पोच नाही, त्यासाठी सकाळी कॉलेज उघडताच एक चक्कर मारा आणि दुपारची गाडी धरा. एसटीत चढताना गाठोडी, बादली, पेटी डिकीत टाकली तरी चालेल. फाइल मात्र मांडीवर घेऊन बसा.